वीस जणांचा प्लाझ्मा, एकच माप: मिक्सिंगसाठी नॉर्मल पूल कसा करायचा

आमच्या लॅबमध्ये नवीन टेक्निशियन रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पेशंटचं सॅम्पल देत नाही. डीप फ्रीझरमधून नॉर्मल पुलाची एक नळी काढायला लावते, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळवायला लावते आणि तिचा एपीटीटी, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) किती सेकंदांत गोठतो ती तपासणी, करायला सांगते. आकडा आला की तो वहीत मागच्या आकड्यांच्या खाली लिहायचा. ३०, ३१, ३०, २९, ३०. तो जर ३४ आला तर त्या दिवशी मिक्सिंग, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा पुलात मिसळून बघणं, बंद. आधी ३४ का आला ते शोधायचं.

हा पूल म्हणजे आमच्याच रुग्णालयातल्या वीस निरोगी माणसांचा प्लाझ्मा, सारख्या मापाने एकत्र केलेला. सिस्टर आहेत, वॉर्डबॉय आहेत, अकाउंट्समधले दोघे आहेत, कँटीनमधल्या मावशी आहेत. कोणाचं रक्त का गोठत नाही हे ठरवताना आम्ही त्यांच्याशी ताडून बघतो. कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या, कामात मला एकवीस वर्षं झाली. या काळात मशीन तीनदा बदललं, पण मशीनपेक्षा मी या नळ्यांना जास्त जपते. पूल कसा करायचा, कसा सांभाळायचा आणि कसा वापरायचा हे डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

आधी हिशोब समजून घ्या. पेशंटचा एपीटीटी लांबला तर कारणं मुळात दोनच. एक तर रक्त गोठवणारं एखादं प्रथिन, म्हणजे फॅक्टर, कमी आहे, नाहीतर फॅक्टर आहेत पण त्यांना आडवं येणारं काहीतरी रक्तात आहे. त्याला आपण इनहिबिटर म्हणतो. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि चुकले तर जिवावर बेततं. हे दोन वेगळे करायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा निम्मा, नॉर्मल पूल निम्मा, आणि पुन्हा एपीटीटी. समजा पेशंटकडे फॅक्टर आठ शून्य आहे आणि पुलात १०० टक्के. मिश्रणात झाले ५० टक्के. एपीटीटी नॉर्मल यायला साधारण ३० ते ४० टक्के पुरतात, रिएजंटप्रमाणे (तपासणीच्या रसायनाप्रमाणे) थोडं इकडेतिकडे. म्हणजे वेळ खाली येते, आपण म्हणतो करेक्ट झालं. पण पुलातच फॅक्टर आठ ४० टक्के उरला असेल तर? मिश्रणात फक्त २०. वेळ खाली येत नाही, आणि ज्याच्यात इनहिबिटर नाही त्याच्या रिपोर्टवर आपण इनहिबिटर लिहून मोकळे होतो.

मी हे एकदा लिहिलं आहे.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुलाच्या नळ्या आम्ही घरगुती दोन दारी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हलवल्या. बर्फ साचू न देणारा फ्रीज होता. असा फ्रीज बर्फ साचू देत नाही तो मधूनमधून स्वतःला थोडा गरम करून, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन महिने नळ्या तिथे राहिल्या. तेवढ्यात तीन वर्षांचा एक मुलगा आला. गुडघा नारळाएवढा सुजलेला, आईच्या कडेवरून उतरायला तयार नाही. आईचा एक भाऊ लहानपणी दात पडताना रक्त न थांबल्यामुळे गेला होता. मुलाचा एपीटीटी ९६ सेकंद. निम्मं निम्मं मिश्रण केलं तर ४७. आमची वरची मर्यादा ३८. ४७ म्हणजे ३८ च्या वर, म्हणून मी लिहिलं: करेक्शन नाही, इनहिबिटरची शक्यता.

त्याच दिवशी पुलाचा स्वतःचा एपीटीटी ३७ आला होता. ३८ च्या आत आहे म्हणून मी तो सोडून दिला. महिन्यापूर्वी तोच पूल ३०, ३१ येत होता. वही शेजारीच होती.

इनहिबिटर म्हटल्यावर डॉक्टरांनी साधा फॅक्टर द्यायचं थांबवलं आणि त्याला मुंबईला पाठवलं. वडील ऊसतोडीला होते. कोयता टाकून, ज्याच्याकडून उचल घेतली होती त्या मुकादमाला विनवण्या करून ते मुलाला घेऊन गेले. तिथे कळलं की इनहिबिटर नाहीच. फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी, म्हणजे साधा सरळ हिमोफिलिया ए. दर पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला होतो तो. सहा दिवस तो गुडघा तसाच राहिला. आमचा पूल नंतर मोजून घेतला तर त्यात फॅक्टर आठ ३८ टक्के. परत आल्यावर वडील मला एवढंच म्हणाले, "मॅडम, इथंच कळलं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून पुलाची वही मी स्वतः सांभाळते.

माणसं निवडताना

वीसपेक्षा कमी माणसांचा पूल करू नका. पाच-सहा जणांच्या पुलात एकाचा फॅक्टर बारा कमी असला किंवा एकाचा फॅक्टर आठ जन्मतःच चढा असला तर सगळं माप त्याच्या बाजूला झुकतं. वीस जणांत तो विरघळतो. निम्म्या बायका, निम्मे पुरुष. वय १८ ते ५० च्या आसपास ठेवा, कारण वयाबरोबर फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन) वाढत जातात.

रक्तगट बघा. हे पुष्कळ लॅबमध्ये बघतच नाहीत. ओ गटाच्या माणसांत फॉन विलेब्रँड फॅक्टर इतरांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी असतो, आणि फॅक्टर आठ त्याच्याच आधाराने रक्तात टिकत असल्यामुळे तोही कमी असतो. सगळी ओ गटाची मंडळी आली तर पूल जन्मतःच अशक्त. आपल्या भागात जसे गट आढळतात तशी मिसळ असू द्या.

गरोदर बाई नको. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर नको, त्याने फॅक्टर वाढतात आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस उतरतं. वॉरफरीन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर अर्थातच नको. गेल्या दोन आठवड्यांत ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन झालेलं नको, कारण शरीरावर ताण आला की फॅक्टर आठ उसळतो. व्यायामानेही उसळतो. लिफ्ट बंद आहे म्हणून चार जिने चढून आलेल्या माणसाला मी वीस मिनिटं बसवते, पाणी देते, मग सुई. सकाळी वडापाव खाऊन आलेल्यांना दुसऱ्या दिवशी बोलावते. तेलकट खाण्याने प्लाझ्मा दुधासारखा होतो, आणि आमचं मशीन प्रकाशाने गुठळी ओळखतं, त्याला दुधात काही दिसत नाही.

हे सगळं विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. गोळ्या घेता का, पाळी चुकली आहे का, हे कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका. एकेकाला आत बोलवा. संमतीचा कागद मराठीत असू द्या आणि वाचून दाखवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करायच्याच आहेत, आणि एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही, तसा २०१७ चा कायदा आहे. रिपोर्ट फक्त त्या माणसाला आणि ठरलेल्या डॉक्टरांना. डोनर तुमच्याच रुग्णालयातला असतो, उद्या त्याच कँटीनमध्ये तुमच्या शेजारी जेवायला बसणार असतो, म्हणून इथे जास्त काळजी.

एका वर्षी कँटीनच्या मावशींनी विचारलं, "ताई, माझं रक्त चढवणार कुणाला?"

"कुणालाच नाही मावशी. ज्यांचं रक्त गोठत नाही ना, त्यांचं तुमच्याशी ताडून बघणार."

"म्हणजे मी बरोबर आणि ते चूक, असं?"

मी म्हटलं, जवळपास तसंच. एकट्या तुम्ही नाही, तुम्ही वीस जण मिळून बरोबर. त्यांना ते पटलं. दर वर्षी आता त्याच आठवण करतात, यंदा कधी घेणार म्हणून.

रक्त घेताना

इथे जे बिघडतं ते पुढे कशानेच सुधारत नाही. २१ गेजची सुई, पट्टा एका मिनिटाच्या आत सोडायचा, शीर एका झटक्यात मिळाली पाहिजे. आत सुई फिरवत शोधत बसलात तर जखमेतला रस रक्तात मिसळतो आणि गोठण्याची क्रिया नळीतच सुरू होते. असा हात दिसला की सोडून द्या, दुसऱ्या हाताचं घ्या किंवा त्या डोनरला आजचा चहा देऊन परत पाठवा.

पहिले दोन-तीन मिली साध्या नळीत घ्या, ते व्हायरसच्या तपासण्यांना लागतातच. मग निळ्या झाकणाच्या नळ्या. जांभळ्या झाकणाची शेवटी, कारण तिच्यातल्या ईडीटीएचा थेंब जरी निळ्या नळीत आला तरी फॅक्टर पाच आणि आठ खोटे कमी दिसतात. निळ्या नळीत रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग: ०.३ मिली सायट्रेटवर २.७ मिली रक्त. नळीवर रेघ असते, तिथपर्यंत भरलीच पाहिजे. कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं, तपासणीत घातलेलं कॅल्शियम ते खातं आणि वेळ खोटीच लांबते. भरली की चार-पाच वेळा हळू उलटीपालटी करा. सरबताच्या बाटलीसारखी हलवू नका.

एका माणसाच्या आम्ही चार निळ्या नळ्या घेतो, साधारण अकरा मिली रक्त. त्यातून चारेक मिली चांगला प्लाझ्मा निघतो.

नळ्या फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत फॅक्टर सात आपोआप चेतवला जातो, फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रँड कमी होतात. खोलीच्या तापमानाला, झाकण लावून, उभ्या. झाकण उघडं राहिलं तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि त्याचाही परिणाम वेळेवर होतो. आमच्याकडे सकाळी साडेआठला पहिली सुई आणि तासाभरात पहिला स्पिन (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं), असा नियम आहे. वीसही जण एका दिवशी आले नाहीत तरी चालतं, दहा-दहा करून दोन दिवसांत घ्या आणि प्रत्येकाचा प्लाझ्मा वेगळा गोठवून ठेवा. पण मग पूल करताना एकदा वितळवावं लागतं आणि थोडं नुकसान होतंच. एकाच सकाळी झालं तर उत्तम.

दोन स्पिन, एक नाही

सेंट्रिफ्यूजवर आरपीएम (मिनिटाला किती फेरे) लिहिलेला असतो, पण खरा जोर त्रिज्येवर ठरतो. पट्टी घेऊन रोटरच्या मध्यापासून नळीच्या बुडापर्यंत अंतर मोजा. सेंटिमीटरमधलं ते अंतर, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. पंधरा सेंटिमीटर आणि ३००० आरपीएमला साधारण १५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर, येतो. दहाच सेंटिमीटरचं छोटं टेबलावरचं सेंट्रिफ्यूज असेल तर त्याच ३००० ला फक्त १००० जी. "आम्ही ३००० ला फिरवतो" या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही.

१५०० जी, पंधरा मिनिटं, ब्रेक न लावता. मग प्लॅस्टिकच्या पिपेटने वरचा प्लाझ्मा काढा, पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर तसाच सोडून. काच नको, काचेचा स्पर्श फॅक्टर बाराला जागा करतो. हा प्लाझ्मा दुसऱ्या प्लॅस्टिक नळीत घालून पुन्हा तेवढाच फिरवा आणि पुन्हा तळाचा थोडा सोडा. मग सेल काउंटरवर प्लेटलेट मोजा, मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली पाहिजेत.

दुसऱ्या स्पिनला लोक कंटाळतात, म्हणून कारण सांगते. प्लेटलेट राहून गेल्या आणि प्लाझ्मा गोठवला की त्या फुटतात. त्यांच्या पापुद्र्यांतला फॉस्फोलिपिड प्लाझ्मात मोकळा होतो, आणि लुपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे शरीरात गुठळ्या आणि गर्भपात घडवणारा एक इनहिबिटर, नेमका त्याच फॉस्फोलिपिडवर जाऊन बसतो. म्हणजे पेशंटमधला लुपस तुमच्या पुलातल्या कचऱ्याला चिकटून संपतो आणि मिश्रण छान करेक्ट झालेलं दिसतं. तीनदा गर्भपात झालेली बाई "नॉर्मल" रिपोर्ट घेऊन घरी जाते. पंधरा मिनिटं वाचवून हे होतं.

एकत्र करणं आणि गोठवणं

मिसळण्याआधी प्रत्येकाचा पीटी (गोठण्याची वेळ मोजायची दुसरी तपासणी) आणि एपीटीटी वेगळा करा. एखादा मर्यादेबाहेर गेला तर तो पुलात नाही, आणि त्याला स्वतःला डॉक्टरांकडे पाठवायचं. आमच्याकडे एकदा एका तरुण वॉर्डबॉयचा एपीटीटी ५८ निघाला. त्याला आयुष्यात कधी रक्तस्राव झालेला नव्हता. फॅक्टर बारा कमी होता. तो कमी असला तरी रक्त वाहत नाही, फक्त नळीतली तपासणी लांबते. त्याला हे लिहून दिलं, म्हणजे पुढेमागे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तर कोणी घाबरून रद्द करणार नाही.

उरलेल्या प्रत्येकाचा मोजून सारखा प्लाझ्मा, आमच्याकडे चार मिली, एका प्लॅस्टिकच्या भांड्यात. भांडं हाताने हळू गोल फिरवायचं. फेस आला तर प्रोटीन बिघडतं. मग स्क्रू झाकणाच्या छोट्या नळ्यांत अर्धा-अर्धा मिली. वीस जणांच्या ८० मिलीतून १६० नळ्या होतात, एका नळीत एका दिवसाचं मिक्सिंग निघतं. लेबल आधी चिकटवून ठेवा: पूल क्रमांक, तारीख, हाताने पुसली न जाणारी शाई.

गोठवणं झटपट आणि वितळवणं झटपट, हे सूत्र. ड्राय आइस मिळत असेल तर त्यात, नाहीतर नळ्या आधीच गार केलेल्या स्टँडमध्ये एकेरी थरात उणे ७० किंवा उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. गठ्ठा करून पिशवीत कोंबल्या तर मधल्या नळ्या तासभर गोठतच नाहीत. उणे ७० ला पूल सहा महिने आणि त्याहून जास्त टिकतो. उणे २० ला दोन आठवड्यांवर भरवसा ठेवू नका. बर्फ न साचणारा फ्रीज कशासाठीही नाही.

आणि लोडशेडिंग. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रात्री तो चालू झाला की नाही हे सकाळी कोण सांगणार? एका डबीत पाणी गोठवा, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा आणि डबी फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्या. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर रात्रीत सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आकडा कितीही उणे ७० दाखवत असला तरी. पण हे नाणं पाण्याची कथा सांगतं. प्लाझ्मा शून्यावर यायच्या आतच खराब व्हायला लागतो, म्हणून तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र घेता आलं तर घ्याच.

पूल वापरात आणण्याआधी त्याचा पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन आणि निदान फॅक्टर आठ व नऊ मोजून घ्या. फॅक्टरचं एक युनिट म्हणजे मुळात एक मिली नॉर्मल प्लाझ्मात असतो तेवढा फॅक्टर. आता त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे आणि विकत मिळणारा कॅलिब्रेशनचा प्लाझ्मा त्याच्याशी जोडलेला असतो, त्याच्याशी तुमचा पूल ताडायचा. ८० ते १२० टक्क्यांत बसला पाहिजे. स्वतःकडे सोय नसेल तर ड्राय आइसमध्ये मोठ्या लॅबला पाठवा. आणि जिथे महिन्याला दोन-तीनच मिक्सिंग होतात तिथे हा सगळा खटाटोप करूच नका, तयार पूल विकत घ्या. महाग वाटतो, पण चुकीच्या रिपोर्टपेक्षा स्वस्त पडतो. वाळवलेला असेल तर डिस्टिल्ड वॉटर पिपेटने अचूक मोजून घाला, कागदावर लिहिलंय तितकी मिनिटं शांत ठेवा, हलवू नका.

वितळवताना नळीत बघा

३७ अंशांच्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं, मधेमधे हळू उलटी करत. टेबलावर ठेवून सावकाश वितळवू नका, फ्रीजमध्ये तर नाहीच. थंडीत सावकाश वितळलेली नळी उजेडासमोर धरा: तळाशी कापसाच्या तंतूंसारखे पांढरे कण दिसतील. तो क्रायोप्रेसिपिटेट. १९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ज्युडिथ पूल या संशोधक बाईंना गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळताना हेच कण दिसले आणि त्यात फॅक्टर आठ गोळा झालेला असतो हे त्यांनी दाखवलं. रक्तपेढ्या आजही हिमोफिलियासाठी जे क्रायो करतात ते त्याच रीतीने. रक्तपेढीला ते हवं असतं, आपल्याला नको. तुमचा फॅक्टर आठ तळाशी बसला आणि पिपेटने तुम्ही वरचं पाणी घेतलंत, की पूल पुन्हा अशक्त. कण दिसले तर ३७ अंशांत आणखी ठेवून, हळू फिरवून ते विरघळवा. वितळलेली नळी दोन तासांत वापरून टाका. उरली तर फेकायची, पुन्हा गोठवायची नाही.

मिक्सिंग

आधी पेशंटची चौकशी. आयसीयूतलं सॅम्पल असेल, डायलिसिसच्या लाइनमधून घेतलेलं असेल, तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) असण्याची शक्यता मोठी. हेपरिन पुलालाही गोठू देत नाही आणि इनहिबिटरची हुबेहूब नक्कल करतं. थ्रॉम्बिन टाइम (हेपरिन असलं की लांबणारी तपासणी) करून बघा, खूप लांबला तर सिस्टरला फोन करून हातातून नवीन सॅम्पल मागवा. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, यादी मागून घ्या.

मग पेशंटचा प्लाझ्मा ०.२ मिली आणि पूल ०.२ मिली. लगेच तीन एपीटीटी: पेशंट, पूल, मिश्रण. हा झाला तत्काळचा भाग. फॅक्टर आठच्या विरोधातला अँटिबॉडी सावकाश काम करतो, म्हणून दुसरा भाग दोन तासांचा. तीन नळ्या ३७ अंशांत ठेवा, झाकण लावून: एकीत नुसता पेशंट, दुसरीत नुसता पूल, तिसरीत मिश्रण. दोन तासांनी पहिल्या दोन नळ्यांतून नवीन निम्मं निम्मं मिश्रण करा आणि ते जुन्या मिश्रणाशी ताडा. हे नवीन मिश्रण बरेच जण गाळतात. गाळू नका. दोन तास ऊब मिळाली की पुलातला फॅक्टर आठ स्वतःच थोडा घटतो, आणि ती घट इनहिबिटरच्या खात्यावर जाऊ नये म्हणून ते असतं.

आमच्याकडच्या एका बाईचं सांगते. बाळंत होऊन तीन महिने झालेले, मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग, आधी कधी काही त्रास नाही. एपीटीटी ७८, पूल ३०, तत्काळ मिश्रण ३६. घाईत असतो तर करेक्ट झालं म्हणून पाठवून दिलं असतं. दोन तासांनी एकत्र ठेवलेलं मिश्रण ६१, वेगवेगळं ठेवून मग केलेलं ३८. म्हणजे एकत्र असताना काहीतरी पुलातला फॅक्टर खात होतं. फॅक्टर आठच्या विरोधात तिच्या शरीराने अँटिबॉडी तयार केली होती, बाळंतपणानंतर क्वचित असं होतं. संध्याकाळीच तिला ॲडमिट केलं. असा इनहिबिटर किती आहे हे पुढे बेथेस्डा पद्धतीने मोजतात, तिथेही मोजमाप नॉर्मल पुलावरच: दोन तासांत पुलातला फॅक्टर आठ निम्म्यावर आणेल तेवढा इनहिबिटर म्हणजे एक बेथेस्डा युनिट.

करेक्ट झालं की नाही हे नुसत्या मर्यादेवरून ठरवू नका. मिश्रणाची वेळ वजा पुलाची वेळ, भागिले पेशंटची वेळ, गुणिले १००. याला रोझनर इंडेक्स म्हणतात. साधारण १५ च्या वर गेला तर इनहिबिटरकडे झुकतो, पण हा आकडा तुमच्या रिएजंटवर तुम्हीच पडताळून घ्या. त्या गुडघा सुजलेल्या मुलाचे आकडे मी नंतर यात घालून पाहिले. ४७ वजा ३७, भागिले ९६: दहाच्या जरा वर. तेव्हा हा हिशोब केला असता तर निदान थांबून विचार केला असता.

तत्काळच मिश्रण लांबलं आणि हेपरिन नसेल, तर लुपस अँटिकोॲग्युलंट डोक्यात आणा. नळीत वेळ लांबते, पण या माणसांना रक्तस्राव होत नाही, उलट गुठळ्या होतात, गर्भ राहत नाही. त्याच्या खास चाचणीत घोणशीचं विष वापरतात. ते थेट फॅक्टर दहाला चेतवतं, म्हणूनच घोणस चावलेल्या माणसाचे फॅक्टर खर्ची पडून रक्त गोठेनासं होतं. पावसाळ्यात कॅज्युअल्टीत ज्या विषाशी आपण झगडतो तेच इथे पातळ करून कामाला येतं. लुपस सापडला तर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

दोन्ही वेळा छान करेक्ट झालं तर फॅक्टर कमी आहे, पुढे कुठला ते मोजायचं. आठ आणि नऊ दोन्ही. लक्षणं सारखीच असतात, घराण्यात वारसाही तसाच येतो, आणि औषध वेगळं. हे दोन आजार वेगळे आहेत हे कळलं तेही मिक्सिंगमधूनच. १९४७ मध्ये ब्युनोस आयर्सच्या डॉक्टर पाव्लोव्स्कींना दिसलं की एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त दुसऱ्याच्या रक्ताचं गोठणं सुधारतं. दोघांतही एकच गोष्ट कमी असती तर असं कसं झालं असतं? १९५२ मध्ये ऑक्सफर्डला रोझमेरी बिग्ज, मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलावरून त्याचा उलगडा केला, म्हणून फॅक्टर नऊच्या कमतरतेला ख्रिसमस डिसीज नाव पडलं.

फॅक्टर मोजायची सोय नसेल तर जुनी रीत अजून उपयोगी आहे. नॉर्मल सायट्रेट प्लाझ्मात एक दशांश ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची जेल घालून ३७ अंशांत दोन-तीन मिनिटं ठेवून फिरवला की दोन, सात, नऊ, दहा हे फॅक्टर निघून जातात, पाच आणि आठ राहतात. उलट, ऑक्झलेटमध्ये घेतलेला प्लाझ्मा ३७ अंशांत दोन-तीन दिवस ठेवला की पाच आणि आठ मरतात, नऊ राहतो. पेशंट पहिल्याने सुधारला आणि दुसऱ्याने नाही, तर आठ कमी. उलटं झालं तर नऊ. हे अंदाजाचं निदान आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी दुपारी तीन वाजता डॉक्टर विचारतात तेव्हा "बहुतेक आठ" एवढं सांगता येणंही कामाचं असतं. पक्कं उत्तर मात्र फॅक्टर मोजूनच.

रिपोर्टवर तीनही आकडे लिहा: पेशंट, पूल, मिश्रण, तत्काळ आणि दोन तासांचे. नुसतं "करेक्शन आढळले" लिहू नका. पुढच्या रुग्णालयातल्या टेक्निशियनला तुमचा पूल कसा होता हे तिथून कळलं पाहिजे.

जुन्या पुलाच्या तीसेक नळ्या उरल्या की नवीन पुलाची तयारी सुरू करा. नवा तयार झाला की पाच दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवा, तेच पेशंट, तेच रिएजंट, आणि दोघांचे आकडे वहीत एकाखाली एक. नवा दोन सेकंदांनी जरी वेगळा आला तरी कारण कळेपर्यंत जुना संपवू नका. माझ्या वहीत सध्या चौदाव्या पुलाचं पान चालू आहे. कालचा आकडा ३०.